भेट म्हणून धोका देता येतो का?

साडी भेट देता येते. फोन, घड्याळ, पुस्तक, महाबळेश्वरचे दोन दिवस, हे सगळं देता येतं. नाही आवडलं तर वस्तू फार तर कपाटात पडून राहते. पण भेटीतच थंडी, दमछाक, डोकेदुखी आणि थोडासा का होईना, जिवाचा धोका असेल तर? आणि जिला ती द्यायची तिला आधी काहीच सांगायचं नाही, असं देणाऱ्याने ठरवलं असेल तर?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो माझ्या काकांमुळे. येत्या ऑक्टोबरात मावशीला पन्नास वर्षं पूर्ण होतात. काकांना तिला एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला न्यायचंय. घरात ट्रेक करणारी मी, ऑनलाइन बुकिंग जमणारीही मीच, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. अट एकच. तिला विमानतळावर पोचेपर्यंत कळता कामा नये.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. कॉलेजात असताना मावशी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असायची. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या बेसिक कोर्सला जायचं तिने ठरवलं होतं, फॉर्मही भरला होता. त्याच वर्षी लग्न ठरलं आणि फॉर्म राहिला. मग मुलं, नोकरी, सासूबाईंचं आजारपण. काकांनी ही गोष्ट पंचवीस वर्षं लक्षात ठेवली. प्रेमाबद्दल इथे कुणाला शंका घेता येणार नाही. शंका येते ती पुढच्या पायरीवर.

गंमत बघा. काकांनी तिला आल्प्समध्ये न्यायचं ठरवलं असतं, तर हे गुपित राहिलंच नसतं. शेंगेन व्हिसासाठी तिला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले असते, अर्जावर सही करावी लागली असती. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं, आणि ती दोन्ही घरातल्या एकाच फाइलमध्ये असतात. म्हणजे तुलनेने सोप्या वाटांसाठी सरकार तिची सही मागतं, आणि 5,364 मीटरवर नेणाऱ्या वाटेसाठी कुणीच मागत नाही. ती मागायची जबाबदारी मग नवऱ्यावर येते. आणि त्याला तर सरप्राइज द्यायचंय.

त्या उंचीचा अर्थ आधी समजून घेऊ. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटर आहे. ट्रेक जिथून सुरू होतो तो लुक्लाचा विमानतळच त्याहून सुमारे बाराशे मीटर वर आहे. तिथून नामचे बाजार 3,440, दिंगबोचे साधारण 4,400, गोरक्षेप 5,164. बेस कॅम्पपाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. म्हणून 3,000 मीटरच्या वर एका रात्रीत झोपण्याची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. एवढं करूनही विरळ हवा कुणाला बाधेल ते आधी सांगता येत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा आडवा होतो आणि साठीच्या आजी हसत पुढे जातात. फिटनेसने दम पुरतो. हवा बाधणार नाही याची खात्री मिळत नाही.

दर वर्षी हजारो लोक ही वाट चालून सुखरूप परत येतात. त्यामुळे काका बायकोला मृत्यूच्या दारात नेतायत, असं काही मला म्हणायचं नाही. धोका लहान आहे. पण तो तिच्या शरीराला आहे, आणि निर्णय दुसऱ्याने घेतलेला आहे. प्रश्न एवढाच आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

काकांचं उत्तर तयार होतं. "अगं, तिचीच इच्छा आहे ही. मी कुठे माझी लादतोय?"

हे उत्तर सहज उडवून लावण्यासारखं नाही. डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात एक कल्पित गोष्ट सांगितली आहे. एकोणिसाव्या शतकातला एक तरुण रशियन उमराव. काही वर्षांनी त्याला वारशाने मोठी जमीन मिळणार आहे. तो समाजवादी विचारांचा आहे आणि ती जमीन शेतकऱ्यांना देऊन टाकायची असं ठरवतो. पण वय वाढलं की आपण बदलू, अशी त्याला भीती आहे. म्हणून तो कायदेशीर कागद करून ठेवतो: जमीन आपोआप शेतकऱ्यांना जाईल, आणि हा कागद रद्द करायचा तर बायकोची संमती लागेल. मग बायकोकडून वचन घेतो, की पुढे मी येऊन रद्द कर म्हणालो तरी तू ऐकू नकोस. असं म्हणणारा माणूस मी नसेन. वर्षं जातात. तो खरंच बदलतो, आणि येऊन म्हणतो, रद्द कर.

बायकोने कुणाचं ऐकायचं? समोर उभ्या असलेल्या नवऱ्याचं, की ज्याला वचन दिलं त्या तरुणाचं?

लग्नाची एक बाजू या गोष्टीत नेमकी दिसते. दीर्घ लग्नात जोडीदार हा आपल्या जुन्या रूपांचा साक्षीदार असतो. आपण काय व्हायचं म्हणत होतो, हे आपण विसरलो तरी त्याला आठवत असतं. काकांच्या डोळ्यांपुढे पाठीवर सॅक घेतलेली चोवीस वर्षांची मुलगी आहे. तिच्याशी आपण बेइमानी करू नये, असं त्यांना वाटतं. हे वाटणं सुंदर आहे.

पण रशियन गोष्टीत आणि आमच्या घरातल्या गोष्टीत दोन फरक आहेत. त्या उमरावाने बायकोकडून वचन मागून घेतलं होतं. मावशीने काकांकडून असं काही घेतलेलं नाही. तिने फक्त कधीतरी एक हुकलेली गोष्ट सांगितली. आठवण सांगणं म्हणजे अधिकारपत्र लिहून देणं नव्हे. दुसरा फरक आणखी महत्त्वाचा. तिथे पणाला जमीन लागली होती. इथे शरीर आहे, आणि ते शरीर चोवीस वर्षांच्या मुलीचं राहिलेलं नाही. त्याला रक्तदाबाची गोळी लागते, जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. चोवीसच्या मावशीने पाहिलेलं स्वप्न खरं होतं, पण ते निभवायला लागणारं शरीर पन्नाशीच्या मावशीचं आहे. त्या मुलीला या बाईच्या वतीने सही करता येणार नाही. जोडीदाराने जुन्या इच्छेची राखण जरूर करावी. पण राखणदाराला मालकाच्या वतीने खर्च करायचा अधिकार नसतो.

मग उत्तर सोपं झालं का? तिला विचारावं, एवढंच? मलाही आधी असंच वाटलं. आपल्या पिढीला संमती हा शब्द चांगला पाठ आहे: विचारा, 'हो' आलं तर पुढे जा, 'नाही' आलं तर थांबा. पण आपापल्या आयांना, मावश्यांना, काकूंना जरा डोळ्यांसमोर आणा. "आई, तुला काय हवंय वाढदिवसाला?" उत्तर काय येतं? "मला काही नको गं. आहे की सगळं." बाहेर जेवायला जाऊ या? "कशाला उगाच खर्च." मग तिला एव्हरेस्टबद्दल विचारलं तर काय उत्तर येणार, हे काकांना ठाऊक आहे. "वेड लागलंय का? या वयात? आणि इथलं कोण बघणार?" तीन प्रश्नांत विषय संपेल. काका म्हणतात, म्हणून तर सांगायचं नाही.

इथे काकांचा मुद्दा खरोखर बळकट आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आपण शाळेत शिकतो. नॉर्वेचे विचारवंत यॉन एल्स्टर यांनी 1983 साली याच गोष्टीचं नाव देऊन 'सावर ग्रेप्स' हे पुस्तक लिहिलं. मुद्दा असा, की जे मिळणं शक्य नाही ते नकोच होतं, असं माणूस नकळत स्वतःला पटवतो. इच्छाच छाटून परिस्थितीच्या मापाची करून घेतो. अमर्त्य सेन आणि मार्था नुसबॉम यांनीही बजावलं आहे, की वंचित माणूस तक्रार करत नाही म्हणून तो सुखी आहे असं समजू नका. कमी मागायची त्याला सवय लागलेली असू शकते. आपल्याकडच्या बायकांचं 'नको' पुष्कळदा या जातीचं असतं. ते वर्षानुवर्षांच्या सरावातून येतं, आणि प्रश्न संपायच्या आत येतं.

म्हणजे कोंडी अशी: न विचारावं तर तिच्या शरीराचा निर्णय दुसऱ्याने घेतल्यासारखं होतं. विचारावं तर जे उत्तर येईल ते तिचं स्वतःचं असेल याची खात्री नाही.

या कोंडीतून सरप्राइज हा मार्ग निघतो, असं काकांना वाटतं: तिकीट काढलेलं असलं की नाही म्हणता येणार नाही. मला वाटतं, नेमकं हेच त्यातलं सर्वांत धोक्याचं आहे. आणि हा धोका कागदावरच्या नीतीपुरता नाही, तिथल्या हवेत तो खराखुरा होतो.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925च्या सुमारास भेटीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. वेगवेगळ्या समाजांतल्या देवघेवीचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की भेट दिसायला मोफत असली तरी तिच्यामागे तीन बंधनं येतात: देण्याचं, स्वीकारण्याचं आणि परतफेडीचं. हे आपल्याला नवीन नाही. लग्नात कुणी किती आहेर केला याची वही आपल्याकडे उगाच लिहिली जात नाही. पण नवरा-बायकोतल्या भेटीची परतफेड कशाने होते? आनंदी दिसण्याने. नवऱ्याने एवढी हौस केली, एवढा खर्च केला. आता तोंड वाकडं करायचं नाही.

आता हे बंधन 4,900 मीटरवर नेऊन बघा. लोबुचेतली रात्र. मावशीचं डोकं ठणकतंय, मळमळतंय, जेवण नको झालंय. विरळ हवा बाधू लागल्याची ही पहिली खूण. ती वेळेवर सांगितली तर उपाय साधा असतो: वर जायचं नाही, थांबायचं, उतार पडला नाही तर खाली यायचं. लपवली आणि चढत राहिलं, तर फुप्फुसांत पाणी साचू शकतं, मेंदूला सूज येऊ शकते, आणि मग तासांचा हिशोब सुरू होतो. म्हणजे तिथे सुरक्षितता एका गोष्टीवर टिकून आहे: माणसाने खरं सांगणं. "मला बरं वाटत नाही, मला खाली जायचंय," हे वाक्य कुठल्याही क्षणी, कुणाचीही भीड न बाळगता बोलता येणं.

आणि हे वाक्य सर्वांत अवघड कुणाला जाईल? जिला हा ट्रेक भेट मिळालाय तिला. "उद्या बेस कॅम्प आहे, यांनी पंचवीस वर्षं मनात धरलेलं, डोकंच तर दुखतंय." घरी जे समंजसपणाचं वाटतं तेच इथे जिवावर येऊ शकतं. जी बाई घरात ताप अंगावर काढते ती डोंगरावर डोकेदुखी अंगावर काढणार नाही, असं मानायला काहीच आधार नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिचा तो फॉर्म माझ्यामुळे राहिला गं." तेव्हा मला कळलं, की यात भेटीबरोबर एका जुन्या कर्जाची फेडही आहे. तीही प्रेमातूनच येते. पण कर्ज फेडणाऱ्याला घाई असते, आणि समोरच्याने पैसे मोजून 'पोचले' म्हणावं अशी त्याची अपेक्षा असते. मावशीने बेस कॅम्पला हात उंचावून फोटो काढला, की काकांची पावती फाटणार. या ओझ्याखाली चालायचं मात्र तिने.

आपल्या परंपरेने पन्नाशीकडे कसं पाहिलं, हेही आठवून बघावं. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, साठाव्या वर्षी उग्ररथ शांत, पंच्याहत्तराव्या वर्षी ऐंद्री शांत. मावशीच्या सासूबाईंनी गुरुजींना विचारून ठेवलंही आहे. या विधींमागची समजूत अशी, की वयाचा टप्पा ही जोखमीची जागा आहे. तिथे थांबावं, देवाला हात जोडावेत, पुढच्या वर्षांसाठी आशीर्वाद मागावा. आपण त्याच टप्प्यावर उलटं करतो. मॅरेथॉन, टॅटू, एव्हरेस्ट बेस कॅम्प. वय झालं नाही, हे आकड्याच्या तोंडावर सिद्ध करायचं. दोन्ही गोष्टी एकाच भीतीतून निघतात असं मला वाटतं. फक्त शांतीच्या वेळी माणूस पाटावर बसून मान्य करतो, की इथून पुढे शरीर आपलं सगळं ऐकेलच असं नाही. ट्रेकला जातानाही एवढं मान्य केलं, तर दोहोंत विरोध उरत नाही. पन्नाशीला डोंगर चढू नये असं मुळीच नाही. आपण पन्नाशीचे आहोत हे मान्य करून चढावा.

या भेटीचा आणखी एक देणेकरी आहे, आणि तो आपल्या चर्चेत कधीच येत नाही. दोन ट्रेकरमागे साधारण एक हमाल असतो. तो बहुधा शेर्पाही नसतो. अनेकदा खालच्या खोऱ्यांतून हंगामापुरता आलेला राई किंवा तामांग शेतकरी असतो, आणि विरळ हवा त्यालाही बाधते. हमालांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांचा आग्रह असतो, की नेपाळात एकावर 30 किलोपेक्षा जास्त ओझं नको, त्याला गरम कपडे, निवारा आणि विमा मिळायला हवा, आणि आजारी पडला तर पैसे हातावर टेकवून एकट्याला खाली पाठवू नये. मावशीचा वाढदिवस कुणाच्या पाठीवरून वर जाणार, त्याच्या विम्याचं काय, हे बुकिंग करताना विचारणं आपलं काम आहे. स्वस्तातलं पॅकेज बहुतेक वेळा इथेच स्वस्त झालेलं असतं. दुसऱ्याच्या धोक्यावर स्वतःची हौस करणं एका माणसाच्या बाबतीत चूक असेल, तर ते बायकोइतकंच हमालाच्या बाबतीतही चूक आहे.

मग काकांनी काय करावं? मला जे सुचलं ते असं.

मावशीला विचारावं, पण 'जायचं का?' असं उघड्यावर टाकून नव्हे. आधी तिच्या 'नको'च्या मागची कारणं एकेक करून दूर करावीत. सासूबाईंजवळ ते बारा-चौदा दिवस कोण राहील, हे ठरवून टाकावं. पैसे कुठून येणार ते आकड्यांत सांगावं, म्हणजे मुलीच्या फीचे नाहीत हे तिला कळेल. तिच्या रजेचा हिशोब करावा. डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि तिच्यासोबत जाऊन रक्तदाबाबद्दल मोकळेपणी विचारावं. विम्याच्या पॉलिसीत किती मीटरपर्यंतची सुटका धरली आहे ते वाचावं. मग तिच्यापुढे बसून सांगावं: तुझा राहिलेला फॉर्म मला आठवतो, जावंसं वाटलं तर वाट मोकळी आहे. आणि उत्तर लगेच मागू नये. पहिलं 'नको' सवयीचं असतं. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून बुटांची किंमत विचारेल, किंवा विचारणार नाही. जे होईल ते तिचं असेल.

तयारीला निदान चार-पाच महिने हवेत. पहाटे सिंहगड, पाठीवर हळूहळू वाढवलेलं वजन, गुडघ्यासाठी व्यायाम. काकांना वाटतं हे महिने म्हणजे सरप्राइजचं नुकसान. मला उलट वाटतं. चोवीसच्या मुलीची इच्छा पन्नाशीच्या बाईची व्हायची असेल, तर ती याच महिन्यांत होईल. विमानतळावर ती होणार नाही.

आणि बेत आखतानाच परतीची जागा ठेवावी. दोन दिवस जास्तीचे धरावेत. नामचेपर्यंत पोचलो तरी वाढदिवस साजरा झाला, असं आधीच दोघांनी बोलून ठेवावं. तसंही बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. मधल्या डोंगरांआड जातं. नामचेच्या वरच्या टेकडीवरून मात्र स्वच्छ हवेत दिसतं. रोज संध्याकाळी काकांनी तिला विचारावं, उद्या वर की खाली? आणि 'खाली' ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरू नये. एवढीच एक गोष्ट पूर्णपणे त्यांच्या हातात आहे. तिचा सराव त्यांनाही आत्तापासून करावा लागेल.

लग्नात आपल्याकडे नवरा 'नातिचरामि' म्हणतो. अतिक्रमण करणार नाही, तुला ओलांडून जाणार नाही, असा त्याचा अर्थ. हे वचन आपण बहुतेक वेळा परस्त्रीपुरतं धरतो. पण प्रेमाच्या भरातही माणसाला ओलांडता येतं: तिच्या भल्यासाठी, तिच्याच स्वप्नासाठी, तिला न विचारता. असं अतिक्रमण ओळखणं जास्त अवघड, कारण ते करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं.

"मग त्यात सरप्राइज काय राहिलं?" काकांनी शेवटी विचारलं. मला वाटतं, पुष्कळ राहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी न पाठवलेला एक फॉर्म कुणाला तरी आठवतो, हे मावशीला ठाऊक नाही. ते ऐकून ती 'हो' म्हणाली तर ऑक्टोबरात ती जाईल. 'नाही' म्हणाली तरी ते आठवणं तिला मिळालेलं असेल, आणि त्यासाठी तिला काहीही फेडावं लागणार नाही. काकांना मी एवढंच सांगितलंय, की तिच्याशी बोलणं होईपर्यंत मी बुकिंग करणार नाही.